उलार

देवळाली कॅम्पात टांगे होते तेव्हा एक वाक्य दिवसातून दहादा कानावर पडायचं. स्टेशनात मुंबईची गाडी लागली की हवापालटाला आलेली गुजराती-पारशी कुटुंबं ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि एखाद्या वजनदार आजीबाईंसकट उतरायची. टांगेवाला सामान मागे रचायचा, आजीबाईही मागेच बसायच्या, आणि टांग्याचे दांडे हळूहळू आभाळाकडे बघायला लागायचे. घोडा पोटाखालच्या पट्ट्यावर जवळजवळ टांगला जायचा. मग टांगेवाला मागे न बघताच म्हणायचा, "शेठ, जरा पुढं सरका. गाडी उलार झालीये."

टांगे गेले, बैलगाड्या गेल्या, आणि 'उलार' हा शब्दही त्यांच्यामागून चालायला लागला. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना विचारलं तर त्यांना ते एखाद्या ॲपचं नाव वाटलं. पण ज्याला उलार कळलं नाही त्याला पोर्शे ९११ कळणार नाही, असं माझा मामा म्हणतो, आणि या एका विषयात मी त्याच्याशी वाद घालत नाही.

मामाचं गॅरेज लॅम रोडच्या मागच्या गल्लीत. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मधोमध फळ्यांनी झाकलेला खड्डा आणि कोपऱ्यात माठ. आयुष्यभर त्याने फियाट, अँबेसेडर, एका पारशी बाईंची मॉरिस मायनर आणि डिस्पोजलमधून आलेल्या विलीज जीपगाड्या दुरुस्त केल्या. भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर आणि एका टायर कंपनीचं कॅलेंडर यांच्यामध्ये मासिकातून कापलेलं पोर्शे ९११ चं चित्र होतं. खंडेनवमीला पाने-पकडींना हळदकुंकू लागायचं तेव्हा एक झेंडूचं फूल त्या चित्रालाही खोचलं जायचं. मामीने एकदा विचारलं होतं, "ही कोण?" मामा म्हणाला, "कुलदैवत." मामीने पुढे विचारलं नाही.

चित्र आलं रद्दीतून. कॅम्पात लष्करी अधिकाऱ्यांच्या बदल्या दर दोन-तीन वर्षांनी. बदली झाली की बंगल्यातून सामानाच्या ट्रकआधी रद्दी बाहेर पडते, आणि त्या रद्दीत विलायती मोटारींची गुळगुळीत मासिकं असत. रद्दीवाला ती वर्तमानपत्राच्याच भावाने मामाला द्यायचा. मामाचं इंग्रजी बेताचं. म्हणून दर रविवारी माठाशेजारी उकिडवा बसून मी वाचायचो आणि मामा कार्ब्युरेटर साफ करत ऐकायचा. मी पुष्कळदा चुकीचं वाचायचो. मामा बरोबर ऐकायचा.

आमच्या गावाला वेडाची परंपरा आहे, हे इथे सांगून टाकतो. इंग्रजांच्या काळात, १८६१ पासून, इथे गोऱ्या सैनिकांची येण्या-जाण्याची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक बोटीची वाट बघत इथे पडून राहायचे, आणि बोटी सुटायच्या हिवाळ्याच्या मोसमात. ज्याची मुदत चैत्रात संपली त्याने दिवाळी होईपर्यंत करायचं काय? ऊन, डास, हिवताप आणि रिकामपण. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्यावरून 'डूलॅली टॅप' हा शब्द इंग्रजीत गेला. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. डोकं फिरणे या अर्थाने 'डूलॅली' आजही इंग्रजी शब्दकोशात आहे. पैठणची पैठणी, कोल्हापूरची चप्पल, तसा देवळालीचा ताप. मामाला झाला तो हाच. फक्त त्याची बोट जर्मनीहून यायची होती.

आता ९११ चा उलारपणा. मोटारीचं इंजिन पुढे असावं, मागे असलंच तर निदान मागच्या चाकांच्या अलीकडे असावं, ही साधी गोष्ट. फेर्डिनांड पोर्शे यांनी फोक्सवॅगनची बीटल आखली तेव्हा इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे टांगलं. पोटाखाली जागा झाली, गाडी स्वस्त झाली, तिथपर्यंत ठीक. पण त्यांचा मुलगा फेरी पोर्शे याने १९४८ मध्ये स्वतःच्या नावाची पहिली मोटार रस्त्यावर आणली आणि पाठोपाठ ३५६ चा कारखाना मांडला, तेव्हा कारखान्यातून निघालेल्या ३५६ चं इंजिन पुन्हा मागेच. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी गाडी आली, दोन लिटर, सहा सिलिंडर, १३० अश्वशक्ती. इंजिन? मागच्या चाकांच्या मागे. आजीबाई होत्या तिथेच.

नाव तेव्हा ९०१ होतं. फ्रान्सच्या पूजो कंपनीने हरकत घेतली की मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे. मामा याच्यावर अजून चिडतो. "शून्याचा सातबारा यांच्या नावावर होता काय? शून्य तर आपलं!" पोर्शेने भांडण न करता शून्याच्या जागी एक घातला. सरकारी कचेरीत नावातली वेलांटी बदलून घ्यायला आपल्याला याहून जास्त दिवस लागतात.

गाडी सुंदर होती, धावायची सुरेख, पण वळणावर घाबरून कुणी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचं वजन पुढे यायला बघायचं आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घ्यायची. म्हणजे उलार. मग जर्मन अभियंत्यांनी काय केलं असेल? जगातली सर्वात हुशार डोकी, समोर कोरा कागद, हातात गणित. त्यांनी पुढच्या बंपरच्या दोन टोकांत प्रत्येकी ११ किलोचं बिडाचं वजन बसवलं.

हे मी मामाला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा त्याने कार्ब्युरेटर खाली ठेवला. "परत वाच." मी परत वाचलं. मामा इतका हसला की समोरचा शिंपी बघायला आला. "शेठ, जरा पुढं सरका!" मामा डोळे पुसत म्हणाला. "अरे, हे तर आपल्यातलेच निघाले."

त्या दिवसापासून त्याची भक्ती पक्की झाली, असं मला वाटतं. त्याआधी ते नुसतं चित्र होतं.

पुढे १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, जेमतेम तीन बोटं. मग टायर रुंद झाले, मग पाठीवर शेपटासारखा पंख आला, मग आणखी काय काय. इंजिन मात्र जागचं हललं नाही. १९७७ मध्ये कंपनीने शहाणपणा करून ९२८ नावाची, पुढे इंजिन असलेली मोटार काढली आणि ठरवलं की आता हळूहळू ९११ ला निरोप द्यायचा. गिऱ्हाईकं ऐकेनात. १९८१ मध्ये कंपनीचे नवे प्रमुख पीटर शुट्झ एका सहकाऱ्याच्या खोलीत गेले. भिंतीवर पुढच्या वर्षांचा तक्ता होता आणि त्यात ९११ ची रेघ लवकरच संपत होती. त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. शहाणी ९२८ गेली १९९५ मध्ये. उलार अजून आहे.

घरातल्या पाटाचा एक पाय आखूड असतो. नवा पाट आणायचा विषय निघत नाही, पिढ्यानपिढ्या त्याखाली पुठ्ठ्याची घडी जाते, आणि हळूहळू ती घडीही खानदानी होते. बजाज स्कूटरचं इंजिन उजव्या अंगाला होतं, म्हणून अख्खा महाराष्ट्र चाळीस वर्षं किंचित डावीकडे कलून कामावर गेला. कुणी तक्रार केली नाही. मला ९११ आवडते ती वेगासाठी नाही. तो वेग मी कुठे बघितलाय? मला तो पुठ्ठा आवडतो, साठ वर्षांचा, जर्मन मापाने कापलेला.

मामाचं म्हणणं मात्र वेगळं आहे. त्याने वेग बघितलाय. निदान तसा त्याचा दावा आहे.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ मोटारी सिडनीला जायला निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, काबूल, खैबर, दिल्ली, आणि दिल्लीहून आग्रा-इंदूर करत मुंबई. मुंबईहून पुढे बोट. पहिलं बक्षीस दहा हजार पौंड. त्या गाड्यांत पोर्शे ९११ ही होती, पोलंडचा सोबिएस्लाव झासादा ती चालवत होता. इंदूरहून मुंबईला यायचं तर आपला आग्रा रोड. मामा तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो आणि त्याचे तीन मित्र कॅम्पातून सायकली मारत पाथर्डी फाट्यापर्यंत गेले. बरोबर शेंगदाणे आणि एक घोंगडी.

पुढचा वृत्तांत दर वेळी बदलतो. कधी गाड्या दिवेलागणीला आल्या, कधी मध्यरात्र उलटून गेली होती. कधी पोर्शेच्या आधी चार गाड्या गेल्या, कधी अकरा. बदलत नाही ते एवढंच: लांबून दिवे आले, दिव्यांच्या मागे बंपरपासून टपापर्यंत लोखंडी नळ्यांचा पिंजरा दिसला, आणि गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "सर्कसची गाडी दिसतेय." तो पिंजरा ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंसाठी होता, हे मामाला आठ वर्षांनी रद्दीतून कळलं. मग आवाज. कापडाचा दुकानदार मांजरपाटाला कात्रीने खाच पाडून दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो, तसा. मामा तोफखान्याच्या शाळेच्या कुंपणाशेजारी वाढलेला. कुठली तोफ उडाली हे खिडकीच्या काचेवरून सांगणारा माणूस. त्याच्या कानावर माझा विश्वास आहे. डोळ्यांवर नाही.

मुंबईला ७२ गाड्या पोचल्या आणि 'चुसान' नावाच्या बोटीसाठी काही दिवस थांबल्या. बोटीसाठी खोळंबण्याचा मान त्या वेळी देवळालीऐवजी मुंबईला मिळाला, याचं मामाला अजून वाईट वाटतं. सिडनीत शर्यत जिंकली हिलमन हंटर नावाच्या एका सालस इंग्रजी मोटारीने. पोर्शे चौथी आली. हिलमन हंटरचं चित्र भिंतीला लावलेला माणूस मी आजवर बघितलेला नाही.

आमच्या शेजारचे काका सातपूरला मायकोत होते. नाशिकला मायको सर्कल आहे म्हणजे मायको काय ते सांगायला नको. पुढे कंपनीने आपलं मूळचं जर्मन नाव, बॉश, उघडपणे लावलं, सर्कलने लावलं नाही. डिझेल इंजिनाचे नोझल बनवायच्या कामासाठी काकांना कंपनीने काही महिने स्टुटगार्टला धाडलं. कॉलनीत सत्कार झाला. परतताना काकांनी दर तासाला कोकिळा बाहेर येणारं घड्याळ आणलं. मामा त्यांच्या घरी गेला, चहा घेतला, कोकिळेला मान दिला आणि मग हळूच विचारलं, "फॉयरबाखला होता ना तुम्ही? शेजारीच त्सुफेनहाउसेन. पोर्शेचा कारखाना. गेला असाल."

"नाही बुवा," काका म्हणाले. "रविवारी दुकानं बंद असायची."

मामा घरी येऊन म्हणाला, पंढरपूरला जाऊन हा माणूस प्रासादिक वस्तूंच्या दुकानातून परत आला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर काकांच्या स्कूटरच्या कामाला त्याला वेळ मिळाला नाही.

तसं बघितलं तर जर्मन गाडीत न बसलेला मराठी माणूस सापडणं कठीण. टेम्पो हा शब्द आपण इतका घरचा केलाय की त्याचं माहेर कुणी विचारत नाही. हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याचं ते नाव. १९५८ मध्ये फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून बजाज टेम्पो काढली आणि ती तीनचाकी गाडी गावोगावी गेली. कंपनीचं नाव गाडीला पडलं, गाडीचं नाव त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना पडलं, आता कुठल्याही कंपनीचा असो, टेम्पो तो टेम्पोच. मॅटॅडोरही तिकडचीच. टाटांच्या ट्रकच्या नाकावर १९५४ पासून पंधरा वर्षं मर्सिडीजचा तारा होता. तेव्हा आमच्या मावशीचं वऱ्हाड भगूरहून सिन्नरला जर्मन गाडीतून गेलं असं म्हणायला हरकत नाही. फक्त त्या गाडीत आदल्या दिवशी कांदे होते. त्या तीनचाकीचं इंजिन पुढच्या एकुलत्या चाकाच्या डोक्यावर बसवलेलं असे. मामा म्हणतो, जर्मन माणसाला इंजिन मधोमध ठेवायला कुणी शिकवलंच नसावं.

अर्थात शिकवलं होतं. शर्यतीच्या गाड्यांत पोर्शेने इंजिन मागच्या चाकांच्या अलीकडे आणलं आणि मग जग जिंकलं. त्यातला एक किस्सा मामाचा फार लाडका. १९५४ सालची इटलीतली मिल्ले मिल्या, हजार मैलांची, रहदारीच्या रस्त्यांवरून. हान्स हेरमान ५५० स्पायडर हाकतोय, शेजारी हर्बर्ट लिंगे. समोर रेल्वेचं फाटक पडायला लागलेलं, गाडी येतेय. ब्रेक लावायची वेळ निघून गेलेली. हेरमानने लिंगेच्या हेल्मेटवर टपली मारली, दोघे वाकले, आणि ती बुटकी मोटार फाटकाच्या दांड्याखालून पलीकडे. आगगाडी मागून धडधडत गेली.

जगभरचे शौकीन हा किस्सा श्वास रोखून सांगतात. आमच्याकडे तो सांगितला की लोक विचारतात, "बरं, मग?" फाटकाखालून वाकून जाणं ही आमच्याकडे शर्यत नसून शाळेत जायची पद्धत होती. सायकल आडवी, दप्तर पुढे, मान खाली. दुधाची किटली असली तर ती आधी पलीकडच्याच्या हातात. हाच हेरमान १९७० मध्ये रिचर्ड ॲटवुडबरोबर पोर्शे ९१७ घेऊन ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकला. पोर्शेचा तिथला तो पहिला निर्भेळ विजय. त्याने बायकोला शब्द दिला होता की ही जिंकलो तर थांबेन. जिंकला, आणि थांबला. मामीला या सगळ्या पुराणातली एवढीच गोष्ट पाठ आहे.

त्या ९१७ चा जन्मही कॅम्पातल्या माणसाला लगेच कळेल असा. नियम असा की शर्यतीत गाडी उतरवायची तर तशा पंचवीस बनवून दाखवायच्या. १९६९ मध्ये तपासनीस आले तेव्हा तीन तयार होत्या, अठरा अर्धवट, बाकीच्यांचे सुटे भाग. तपासनीस म्हणाले, चालणार नाही, उभ्या करून दाखवा. मग कारखान्यात धावपळ उडाली. पाने हातात धरू शकेल त्याला कामाला लावलं, कचेरीतले कारकूनसुद्धा. एप्रिलमध्ये फेर्डिनांड पिएख यांनी पंचवीस पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या केल्या आणि पाहुण्यांना म्हणाले, कुठलीही निवडा, चालवून बघा. पाहुण्यांनी नको म्हटलं.

आता मी छावणीच्या गावचा. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की आमच्याकडे रातोरात झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो, रस्त्याकडेचे दगड पांढरे होतात, आणि दगडसुद्धा एका ओळीत सावधान उभे राहतात. त्या पंचवीस गाड्यांचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला गाड्या दिसल्याच नाहीत. मला तो चुना दिसला. साहेबाने चालवून बघू म्हटलं असतं तर पंचवीसपैकी किती फाटकापर्यंत गेल्या असत्या, हा प्रश्न विचारू नये.

या कौतुकात एक खडा लागतो, तो वेचून फेकता येत नाही. तीसच्या दशकात मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या चंदेरी गाड्यांनी युरोप दणाणून सोडला. ऑटो युनियनची सोळा सिलिंडरची मोटार पोर्शे यांनीच आखलेली. या गाड्यांमागे हिटलरच्या सरकारचा पैसा आणि दिमाख होता. २८ जानेवारी १९३८ रोजी सकाळी रुडॉल्फ काराचिओलाने सार्वजनिक रस्त्यावर ताशी ४३२.७ किलोमीटर वेग गाठला आणि त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर, तो विक्रम मोडायला निघालेला बेर्न्ड रोझेमायर अठ्ठाविसाव्या वर्षी मेला. पुढे युद्धात फोक्सवॅगनच्या कारखान्यात वेठीला धरलेली माणसं राबली. त्याच युद्धात आमच्या देवळालीत तारेच्या कुंपणाआड जर्मन नागरिक होते. 'सेव्हन इयर्स इन तिबेट' लिहिणारा गिर्यारोहक हाइन्रिश हारर अहमदनगरहून आधी इथे आला, मग डेहराडूनला गेला आणि तिथून पळाला. हे सगळं मी मामाला एका रविवारी सलग वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग चित्राकडे न बघता म्हणाला, "मशीन चांगलं होतं. पेट्रोल घाण होतं." त्या वर्षी खंडेनवमीला चित्राला फूल लागलं, पण मामाने हात जोडले नाहीत. पुढच्या वर्षी जोडले.

मामाच्या भक्तीचं सर्वात खरं कारण मला कसारा घाटात सापडलं. मुंबईहून येताना त्याची फियाट घाटात तापायची. तापायची म्हणजे ठरलेल्या वळणावर, ठरलेल्या वेळी. बॉनेट उघडायचं, ओलं फडकं रेडिएटरच्या झाकणावर टाकायचं, आणि तोंड फिरवून झाकण पाव आटा सैल करायचं. आत खदखदणारं पाणी चूळ भरल्यासारखं बाहेर यायचं. घाटाच्या कडेला अशा दहा-बारा फियाट, तोंड वासून, आणि त्यांचे मालक डबे घेऊन पाण्याच्या शोधात. मामा दगडावर बसून वाफेकडे बघायचा आणि म्हणायचा, "तिला पाणी लागत नाही." ती कोण हे विचारायची गरज नसे. ९११ चं इंजिन हवेवर आणि तेलावर थंड व्हायचं. पंख्याचा वारा आणि पोटात नऊ लिटरच्या आसपास ऑइल. रेडिएटर नाही, होज पाइप नाही, फडकं नाही. चौतीस वर्षं हे चाललं. १९९८ मध्ये हवेवरची शेवटची ९११ बनली, नव्या गाडीत पाणी आलं होतं. जगभरच्या शौकिनांनी सुतक धरलं. मामाला ते रद्दीच्या गतीने २००३ मध्ये कळलं. "म्हणजे पाच वर्षं मी उगाच आनंदात होतो," एवढंच म्हणाला.

मग तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, ती आली.

लॅम रोडवरच्या एका बंगल्यात मुंबईचा एक तरुण शनिवार-रविवारसाठी उतरला होता. सकाळी दूध आणायला गेलेला मामा रिकामी पिशवी घेऊन माझ्या दारात उभा. कानटोपी, स्वेटर, डोळे मोठे. "चल," म्हणाला. दूध राहिलं.

गुलमोहराखाली ती उभी होती, पावसाळी आभाळाच्या रंगाची, अगदी नवी. मामाने तिच्याभोवती एक फेरी मारली, उजवीकडून, देवळात मारतात तशी. मग मागे जाऊन तळहात पत्र्याच्या वर चार बोटांवर धरला, इस्त्री तापली का बघावं तसा. पत्र्याला हात लावला नाही. तेवढ्यात मालक बाहेर आला. पोरगा भला होता. म्हणाला, "काका, बघायची आहे? थांबा, उघडतो."

झाकण वर गेलं. आत दोन काळे प्लॅस्टिकचे पंखे, आणि बाजूला तेला-पाण्याची झाकणं. बस्स.

मामा वाकला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "हे पंखे झाले. इंजिन?"

"खाली आहे, काका. वरून दिसत नाही. सर्व्हिस सेंटरवाले गाडी उचलतात तेव्हा दिसतं."

"तुम्ही बघितलंय?"

"नाही."

पन्नासहून जास्त वर्षांनी दार उघडलं होतं आणि गाभाऱ्यात पडदा. मला वाटलं मामा आता काहीतरी बोलेल. तो थोडा वेळ त्या पंख्यांकडे बघत राहिला. "पण आहे ना मागंच?" त्याने विचारलं.

"हो, हो. मागंच."

"मग झालं."

पोरगा म्हणाला, बसा, एक चक्कर मारून आणतो. मामा नको म्हणाला. स्वेटरला ऑइलचा वास येतोय म्हणाला. येत नव्हता.

गाडी फाटकाबाहेर निघाली आणि तिथेच अडली. आमच्याकडचे स्पीड ब्रेकर सरकारी मापाचे नसतात, गल्लीच्या रागाच्या मापाचे असतात. तिचं नाक त्या उंचवट्याला टेकणार हे लांबूनच दिसत होतं. पोरगा उतरला, वाकला, घाबरला. चार माणसं जमली. एक जण म्हणाला तिरकी घ्या, दुसरा म्हणाला हवा भरा. मामाच्या अंगात मात्र आता गॅरेज संचारलं होतं. त्याने कानटोपी मागे सारली आणि बघणाऱ्यांतल्या दोन धडधाकट पोरांना हुकूम सोडला, "मागच्या सीटवर बसा रे दोघं. गाडी उलार करा. नाक आपोआप वर येतंय."

पोरं कशीबशी त्या बोटभर सीटवर कोंबली गेली, गुडघे कानाशी. मामा रस्त्यावर गालच टेकून नाकाखालची फट बघत होता. "बसलात का?"

"बसलो!"

"नीट बसा!"

नाक सूतभरही हललं नाही.

मामा उठला, गुडघे झटकले. मला वाटलं तो खजील झाला असेल. पण त्याच्या चेहऱ्यावर भलताच आनंद. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साठ वर्षं लागली. पण केलं रे बेट्यांनी!"

शेवटी समोरच्या भाजीवाल्याच्या हातगाडीची फळी काढून उंचवट्याला उतार करून लावली आणि त्यावरून गाडी अलगद उतरवली. पोरगा हात करून गेला. वळणापाशी आवाज आला, थोडा मऊ, पाण्यातून आल्यासारखा, पण मांजरपाटाचाच. मामा तो संपेपर्यंत उभा राहिला.

भाजीवाला फळी मागायला दुपारी गॅरेजवर आला. मामाने त्याला नवी कोरी फळी दिली, वर रंधा मारून. जुनीचं काय झालं हे त्याने विचारलं नाही. मलाही खड्ड्यावरच्या फळ्या मोजायचं काही कारण नव्हतं.